एक्केचाळीस कुठून आलं

बाई, सकाळपासून तिसऱ्यांदा या टेबलाशी येऊन बसले आहे. उद्या चितेगावच्या शाळेत आमच्या केंद्रातल्या चाळीस शिक्षकांचं प्रशिक्षण आहे आणि केंद्रप्रमुख म्हणून पहिला तास माझा. वर्गात प्रश्न कसा विचारावा आणि चुकीच्या उत्तराचं काय करावं, हा विषय. वरून एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका आली आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षकानं थोडा वेळ गप्प राहावं, हात वर करणाऱ्या चार मुलांवर भागवू नये, प्रत्येकाकडून उत्तर लिहून घ्यावं, चूक पुसण्याआधी ती कुठल्या विचारातून आली ते शोधावं, असं तिच्यात आहे. प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला 'संशोधन सांगते'. पहिलं पान वाचलं आणि उठून कुंड्यांना पाणी घातलं. दुसरं वाचलं आणि पुन्हा त्याच कुंड्यांना पाणी घातलं. संशोधन काय सांगते ते मी चौथीत, कन्नड गावच्या शाळेत, तुमच्या वर्गात बसून पाहिलं होतं.

तुम्ही निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेल्या. पोलीस ॲक्शननंतर शाळा मराठी झाल्या, तुम्हीही मराठीतून शिकवू लागलात, पण वर्गातले हुकूम शेवटपर्यंत जुनेच राहिले. "सवाल ऐकला? आता खामोश." मग पदराखाली तुमचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायचा. तो दहापर्यंत जाईस्तोवर कुणी हूं की चूं करायचं नाही. हात वर करणं तर तुम्हाला मुळीच खपायचं नाही. "पाट्या छातीला!" आणि क्षणभरानं, "पलटा!" सगळ्या पाट्या एकदम पलटतात, तुम्ही डोळे बारीक करून या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचत जाता, एक चुकलेली पाटी उचलता आणि कुणाची ते न सांगता फळ्याशेजारच्या खिळ्याला दोरीनं टांगता. "ह्ये डोकं कुठून कुठं गेलं, सांगा बरं." मग सगळा वर्ग त्या चुकीच्या मागे लागायचा. कुणी हातचा विसरलेला असे, कुणी मोठ्यातून लहान वजा करायचं म्हणून आकडेच उलटे धरलेले असत. पाटी कुणाची हे अर्थात सगळ्यांना ठाऊक असायचं. त्या दिवसापुरतं त्याचं वजन वाढायचं, मधल्या सुट्टीत पोरं त्याला आपल्यातली बोरं द्यायची. मी वर्गातली हुशार. माझी पाटी कधीच खिळ्यावर गेली नव्हती.

तपासणीच्या दिवशी ती गेली. बावन्नातून सत्तावीस वजा करा, असा सवाल होता आणि माझ्या पाटीवर एक्केचाळीस होते. तुम्ही पाटी उचललीत, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तिच्याकडे बघितलंत आणि टांगलीत. वर्गाला काही सांगता येईना. तेवढ्यात हेडमास्तर डोकावले. "बाई, आज त्ये खिळ्याचं सोंग नगं. साहेबांपुढं बरोबर गणितंच पाहिजेत." तुम्ही मुकाट्यानं पाटी काढून कपाटात ठेवलीत. वर्षभर वाट पाहून मिळालेला माझा मान पाव तासात संपला, आणि मला इतका राग आला की तुम्ही साहेबांसाठी खुर्ची आणायला गेलात तेव्हा मी उठले, कपाट उघडलं आणि पाटी परत टांगली. साहेब आत आले आणि सरळ तिच्यापुढेच उभे राहिले. "हे काय?" मी ताठ उभी राहून सांगितलं, "साहेब, आमच्यात चुकीच्या पाटीला मान असतो. आज माझी हाय."

बाई, तुम्ही तेव्हा सहज म्हणू शकला असतात की पोरगी आगाऊ आहे, मी पाटी कपाटात ठेवली होती. तुम्ही खुर्ची खाली ठेवलीत आणि म्हणालात, "साहेब, ही माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार पोर हाय. ती बी चुकली म्हंजे गलती माझ्या शिकवण्यात हाय. ती घावावी म्हणून टांगली." साहेबांनी शेरेबुकात काय लिहिलं ते गावभर झालं: शिक्षिका चुकांचं प्रदर्शन करतात आणि स्वतःच्या अध्यापनातला दोष स्वतःच कबूल करतात. दोन महिन्यांत तुमची बदली डोंगरातल्या एका वस्तीवर झाली. तिथं एसटी जात नव्हती.

तुम्ही निघालात त्या दिवशी आईनं माझ्या हाती भाकऱ्यांचं गाठोडं देऊन तुमच्याकडे पाठवलं होतं. चूल विझलेली, भांडी पोत्यात भरलेली, तुमच्या म्हाताऱ्या आई भिंतीला टेकून बसलेल्या. त्यांना तुम्ही शहरात, शहागंजात भावाकडे ठेवणार होतात. "तिच्यानं डोंगर व्हायचा नाय," एवढंच म्हणालात. मी बोलणी खायच्या तयारीनं गेले होते. तुम्ही चुलीतला कोळसा घेतलात आणि जमिनीवर बावन्न वजा सत्तावीस मांडलंत. "बस हितं. दहा उसने घेतले तर पंचवीस येतात. आकडे उलटे धरले तर पस्तीस. ह्ये एक्केचाळीस कुठून आणलंस गं? लई दिवस झाले, मला उमगंना." तुमचा अंगठा पेरांवरून फिरत होता. मी मान खाली घातली. "नाय माहीत, बाई." तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात, फळीवरून एक कोरं पोस्टकार्ड काढलंत, त्यावर वस्तीचा पत्ता लिहिलात. "आठवलं की कळव. मला ते ठाऊक पाहिजे, म्हंजे फुडल्या पोरांना नीट सांगता येईल."

त्या कार्डानं माझी तीन घरं पाहिली. मी शिक्षिका झाले, पण माझ्या वर्गात खिळा ठोकला नाही. हात वर करणाऱ्या पोरींवर माझा तास झकास चालायचा, आणि तपासणीला माझ्या फळ्याशेजारी नेहमी बरोबर गणितं असायची. एकदा शहागंजात भाजी घेताना तुम्ही भेटलात, काठी टेकत. "मास्तरीण झालीस म्हणं. खिळा हाय का वर्गात?" मी म्हटलं, "व्हय, बाई." किती खूश झालात! मग विचारलंत, "आन् त्ये एक्केचाळीस?" विचारून थांबलात. मी पदराकडे बघायचं टाळलं आणि बस निघेल म्हणून पळाले. बसला अजून तासभर होता. त्यानंतर तुम्ही गेल्याचंच कळलं, आणि त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली.

उद्या मी त्या चाळीस जणांना काय तोंडानं सांगू की चुकीमागचा विचार शोधा? कुणीतरी विचारीलच, मॅडम, तुम्ही हे कधी केलंत का? पुस्तिकेतलं उत्तर देता येईल, ते पाठ आहे. किंवा तुमचं नाव घेता येईल, आमच्या बाई पंचेचाळीस वर्षांपूर्वी हेच करायच्या म्हणून. पण मग त्यांचं पुढं काय झालं ते सांगावं लागेल, आणि ते कुणामुळे झालं तेही. मघाशी वैतागून पुस्तिका मिटली आणि ड्रॉवरमधून कार्ड काढलं. ते पिवळं पडलंय, पत्ता मात्र अजून वाचता येतो. इतकं सगळं त्यावर मावणार नाही, आणि टाकलं तरी त्या वस्तीवर ते घ्यायला आता कोण आहे? तुम्हाला हवी होती ती एकच ओळ होती, बाई, आणि ती मला त्या चुलीपाशीही माहीत होती. एक्केचाळीस कुठूनच आलं नव्हतं. पाटीवर आधी मी पंचवीस लिहिलं होतं, तुमचा अंगठा दहावर पोचायच्या आत ते थुंकीनं पुसलं आणि मनाला येईल तो आकडा लिहिला. तुमच्या शिकवण्यात गलती नव्हती. मला फक्त खिळ्यावर जायचं होतं.