रडायची तालीम

शनिवार, ५ डिसेंबर १९६४

नातू सकाळपासून माझ्यापुढे वही घेऊन बसलाय. सगळी कापूस वेचायला गेलेली, आणि हा एकवीस वर्षांचा घोडा म्हातारीकडे टक लावून! म्हटलं, "काऊन रे निवृत्ती, मले शिंगं फुटली का?" तर म्हणतो, "आजी, तू आपली ज्वारी पाखड. मी इथं नाहीच असं समज."

खामगावच्या कॉलेजात त्याला नाटकाचं वेड लागलंय. गॅदरिंगला एकट्यानंच उभं राहून एका म्हातारीचं सोंग आणायचंय. सर म्हणाले, खरी म्हातारी बघून ये. म्हणून आला. बापाला वाटलं, वेचणीला हात लावायला आला!

मी बोलते, सून उतरवते. पुष्पा चार इयत्ता शिकलीय. मी 'मले' म्हणते, ती 'मला' लिहिते. लिहू दे. पण गाळायचं काही नाही. निवृत्तीची माय असली तरी त्याची बाजू घ्यायची नाही.

रविवार, ६ डिसेंबर

आज मी शिंकले. तेही लिहून घेतलं मेल्यानं!

मंगळवार, ८ डिसेंबर

सोंग दाखवलं. पुष्पाचं लुगडं नेसला, तेही घोट्याच्या वर. कमरेत असा वाकला की मी अजून दोनदा म्हातारी झाले तरी तेवढी वाकायची नाही. मान थरथर, हात थरथर — पावसात सापडलेलं कोकरू! म्हटलं, "बाबू, म्हातारं माणूस थरथर दाखवत नसते, लपवते." लगेच वहीत!

म्हातारीचा नवरा मरतो आणि ती रडते, अशी गोष्ट. तिथं हा जे रडला — काटा रुतलेला बोकड बरा! मग माझ्या मागे लागला. "आजी, एकदा रडून दाखव ना. सारं गाव म्हणते, रडावं तर अन्नपूर्णाबाईनं."

ते खरंय. कुणाच्याही मौतीला बाया माझी वाट बघतात. मी दारात हेल काढला की मग बाकीच्यांना फुटतं. पण घरात कुणी मेलेलं नसताना गळा काढायचा? यमाला घर दाखवायचं? म्हटलं, "तुया कॉलेजात हे शिकवत नाहीत का बे? ऊठ, लुगडं सोड."

शुक्रवार, ११ डिसेंबर

हसावं की जोड्यानं मारावं!

सकाळी सगळे वावरात गेल्यावर हा गोठ्यात शिरला, दार लावलं आणि काढला गळा. शेजारच्या गोजरबाईला शब्द कळले नाहीत, हेल कळला. आमच्या घरात मरायच्या वयाची मी एकटीच. गल्लीत मढं असताना चूल पेटती ठेवत नाहीत. तिनं तवा उतरवला, चुलीत पाणी ओतलं आणि पदर तोंडाला लावून निघाली. तिला बघून सगळ्या गल्लीच्या चुली विझल्या.

मी ओसरीवर शेंगा फोडत बसलेली. गोजरबाई आली ती माझ्याच गळ्यात पडली — "अन्नपूर्णाबाई गेल्या वो!" दोन हेल काढल्यावर तिला कळलं आपण कुणाच्या गळ्यात आहोत! गल्लीतला दयाराम तर तिरडीचे बांबू खांद्यावर घेऊनच आला. म्हटलं, "दयाराम, जरा लांब आण. मी उंच हाये."

तेवढ्यात नातू लुगड्यातच गोठ्याबाहेर आला. मग काय, लोक पोट धरून!

उकंडाला वावरात निरोप गेला होता. माझा लेक अनवाणी धावत आला. मला शेंगा फोडताना बघून उंबऱ्यातच बसला.

शनिवार, १२ डिसेंबर

अकरा बाया तब्येत विचारून गेल्या. दोघींची निराशा झाली.

सोमवार, १४ डिसेंबर

उकंडा आज बोलला. "नाटक बंद, कॉलेज बंद. जित्या मायची तिरडी आणली यानं! उद्यापासून वेचणीले." पुष्पा रडली. (ती नाकातून रडते. हेही लिही म्हटलं.) शेवटी उकंडा माझ्याकडे वळला, "माय, बांबू तुयासाठी आले होते. तूच सांग, याले परत पाठवू का नको?"

म्हटलं, शुक्रवारी सांगते. निवृत्ती माझ्या पायाशी येऊन बसला. हातात वही नव्हती.

बुधवार, १६ डिसेंबर

त्याला घेऊन शिवेबाहेर गेले, नदीपलीकडे. तिथं रडलेलं कुणाच्या घराला लागत नाही. म्हटलं, शिक मेल्या, तुझं ध्यान बघवत नाही.

पहिला हेल पोटातून. दुसरा छातीतून. तिसऱ्याला आवाज फुटू द्यायचा आणि तिथंच गप्प व्हायचं — त्या गप्प होण्यात बाकीच्या बाया येतात. मेलेल्याची थोरवी गायची नाही, त्याला कोणती भाजी आवडायची तेवढंच. छाती बडवायची नाही, तळवा जमिनीवर. पदर डोळ्यांवर, पण दारात कोण आलं ते दिसलं पाहिजे.

"आजी, आजोबा गेले तवा तू अशीच रडली होतीस?"

म्हटलं, "तोंड चालवू नको, गळा चालव."

पाचव्यांदा त्यानं हेल काढला आणि तिकडच्या वावरात वेचणाऱ्या बाया कापूस टाकून उभ्या राहिल्या. त्याला म्हटलं, "बरं हाये." जास्त बोललं की चढतो.

शुक्रवार, १८ डिसेंबर

उकंडाला सांगितलं — पाठव त्याला. तो चिडला. "खोटं रडणं शिकून काय करन तो?"

त्यावर मी जे बोलले ते लिहिताना पुष्पाची पेन्सिल थांबते आहे. थांबू नको म्हटलं, हेही उतरव. तिचा सासरा, माझा माणूस, गेला तेव्हा मला रडूच आलं नाही. सारं गाव दारात, आणि माझे डोळे कोरडे ठणठणीत. मग माझी सासू तिच्या माणसावर जशी रडली होती, तशीच मी रडले. शब्द तिचे, हेल तिचा.

गाव अजून वाखाणतं.