एकच संगणक मरेना

ताई,
तुला आणि आईला नमस्कार. मी धडधाकट आहे, हे आधी आईला सांग. पुढचं तिला वाचून दाखवू नकोस.

विषाणू शिरलेली पेशी स्वतःला मारून शरीर वाचवते, असं तू वर्गात शिकवतेस ना? आम्ही कारखान्यातल्या संगणकांना तेच शिकवलं होतं. काल व्हायरस घुसताच लागण झालेले संगणक आपोआप बंद पडले. एकच मरेना. त्याच्या रोबोटने वेल्डरदादांच्या बरगड्या मोडल्या आणि हात पुन्हा उगारला. बंद करायचं बटणही चालेना. मी घणाने त्या संगणकाचा चेंदामेंदा केला.

रोबोट थांबला, तरी मी मारतच होतो. खाली पडलेले दादाच पुटपुटले, "बस, बाळा. मेलं ते."

दादा वाचतील. आईचा गुडघा कसा आहे? अक्षर वाकडंतिकडं आलंय, त्यावर जाऊ नकोस.

तुझा धाकटा