मधली पिवळी का होत नाही

ती. ताईला धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. कंबर धरली आहे, आणि ही खोली इतकी अरुंद आहे की आडवा झालो तर पाय जिन्यात जातील.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेली पट्टी बांधतेस, की कपाटावर ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? भावोजींना म्हणावं, खोकला अंगावर काढू नका आणि शेजाऱ्यांचा काढा तर मुळीच घेऊ नका, त्या माणसाने स्वतःची मांजर त्याच काढ्याने घालवली. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. सगळे म्हणजे तुझी भावजय मजेत, चिमी मजेत, दुकान मजेत. माझ्यापुरतं म्हणशील तर ते एका ओळीत मावणारं नाही, म्हणून हा पत्रप्रपंच. चहा वगैरे घेऊन बस.

तुला ठाऊकच आहे, चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून झाल्यावर माणसाला असं काहीतरी बघावंसं वाटतं, जे उलट 'आता धूसर दिसतंय' म्हणून तक्रार करणार नाही. म्हणून मी मासे पाळले. गोल्डफिश नव्हेत, ते कुणीही पाळतं. मी पाळले बुटके सिक्लिड. बोटाएवढा जीव, पण तोरा असा की टाकी त्यांच्या आजोबांनी बांधली असावी. यांची सगळी गंमत ओळखण्यात आहे. नर अंगाने थोराड, गालावर लाल नक्षी, पाठीवरच्या पराचे पुढचे काटे उभे आणि लांब, शेपटीला टोकं. मादी लहान, गोलसर, धुवट रंगाची, पोटाखालच्या परांना काळी कड. जात ओळखायची तर नराची शेपूट बघायची, कारण माद्या सगळ्या जातींच्या सारख्याच दिसतात. दोन जातींच्या माद्या एकदा का एका टाकीत मिसळल्या, की ब्रह्मदेवालासुद्धा त्या निवडता यायच्या नाहीत. (मला येतात, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. आमच्याकडे येणाऱ्याजाणाऱ्यांची संख्या का घटली, हे आता लक्षात येतंय.)

तर खालच्या बैठकीच्या खोलीत मोठी टाकी. तिच्यात एक नर, त्याचं नाव सरदार, आणि त्याच्या तीन बायका: थोरली, मधली, धाकटी. यांच्या मादीने पालथ्या कुंडीत अंडी घातली की ती पिवळीधमक होते, अंगावर काळे ठिपके उमटतात, आणि मग ती नवऱ्यालाही कुंडीजवळ फिरकू देत नाही. थोरली पिवळी झाली. धाकटी पिवळी झाली. मधली होती तशीच, धुवट. तुझी भावजय भाजी निवडता निवडता एकदा म्हणाली, ही नक्की बाईच आहे ना? मी हसलो. तिला पोटाखालची काळी कड दाखवली, गोल शेपूट दाखवली, एक छोटंसं व्याख्यानही दिलं. ती म्हणाली, बरं बाई, आणि पुन्हा भाजीकडे वळली. तुझ्या भावजयीचं 'बरं बाई' म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको.

त्याच सुमारास माळ्यावरच्या खोलीला भाडेकरू मिळाला. आता त्याचं वर्णन कर म्हणालीस तर मी अडचणीत येईन. उंच नाही, बुटका नाही. कपडे धुवट, आवाज धुवट. काय करता, असं विचारलं तर म्हणाला, सध्या बघतोय. आधी तो दुकानात डोळे तपासायला आला होता. ताई, इतकी वर्षं या धंद्यात घालवली, हजारो डोळे पाहिले, पण असं कधी झालं नव्हतं. त्याचा नंबर माझाच निघाला. म्हणजे जवळपास नव्हे, अगदी तोच, दोन्ही डोळ्यांचा, तिरपा नंबरसुद्धा तोच, बाहुल्यांमधलं अंतरही तेच. असं जुळ्यांचंही जुळत नाही, मी जुळे तपासले आहेत. बॅटरीचा उजेड डोळ्यांत टाकला तर माणूस बावचळतो, पाणी काढतो. हा शांत. मी बॅटरी कशी धरतो, ते तो बघत होता. मग टेबलावर पडलेला माझा स्वतःचा जादा चष्मा त्याने उचलून डोळ्यांवर चढवला आणि म्हणाला, हाच. मीही तो देऊन टाकला. (गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.) अंगावर काटा आला होता खरा, पण पंख्याखाली बसल्यामुळे असेल म्हणून मी पंखा कमी केला.

माणूस अगदी गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सुटीच्या दुपारी खाली येऊन टाकीसमोर बसायचा. मी माशांवर बोलायचो, तो ऐकायचा. (ताई, ऐकणारा माणूस मिळणं काय असतं, ते बोलणाऱ्यालाच कळतं.) मी 'सरदार' म्हणताना जसा हात करतो, तसा तोही करायला लागला. मी हसताना आधी खोकतो, तसा तो खोकायला लागला. मला वाटलं, शिष्य मिळाला.

मग पिल्लं मोठी झाली आणि ती न्यायला मासेवाला आला. हा मनुष्य बोलायला फटकळ. त्याने टाकीला नाक लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मग म्हणाला, साहेब, तुमची मधली बाई नाही. मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणे, काही नर असे असतात. टाकीत थोराड नर असला की हे वाढतच नाहीत, रंग दाखवत नाहीत, बायकांत बाई होऊन राहतात. थोराडाला संशयसुद्धा येत नाही, तो यालाही बायकोच समजतो. यातली निम्मी पिल्लं याची असणार. मी म्हटलं, पण मग ओळखायचं कसं? म्हणाला, मोठा आहे तोवर नाही ओळखता येत. मोठा नसला की आपोआप कळतं. मी चिडलो. माझं सगळं आयुष्य बारीक बघण्यात गेलं, आणि हा मला शिकवणार! तेवढ्यात भाडेकरू पाण्याची बादली घेऊन दारात उभा राहिला, तर मासेवाला माझ्या खांद्यावरून त्याच्याकडे बघून म्हणाला, जरा समजवा यांना साहेब, टाकी तुमची आहे, तुम्हाला तरी पटेल. भाडेकरू आधी खोकला आणि मग हसला. त्याला ती चूक दुरुस्त करायला सुचलं नसावं.

त्यानंतर सरदाराचे ग्रह फिरले. थोरली आणि धाकटी, दोघी नव्या पिल्लांवर बसलेल्या, त्यांनी त्याला फाडायचं तेवढं बाकी ठेवलं. तो फिल्टरमागे पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात तिरका लटकून राहिला. पर चिंध्या झालेले, काटे मिटलेले, गालावरचं लाल धुऊन गेलेलं. लांबून पाहिलं तर मादीच वाटावा. आणि मधली (सवय जात नाही, मी अजून तिला मधलीच म्हणतो) टाकीच्या मध्यावर आली होती. तिच्या गालावर लाल रेघ उमटली होती आणि शेपटीला दोन टोकं फुटली होती. मी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, पुन्हा पुसला.

सरदाराला निराळं ठेवणं भाग होतं. भाडेकरू आपणहून म्हणाला, वरच्या खोलीत उजेड चांगला आहे, लहान टाकी तिथे लावू. लावली. आता दुखणाईत माशापाशी कुणीतरी हवं, ते मीच, कारण माझाच मासा. म्हणून मी 'दोनचार दिवस' वर आलो, आणि भाडेकरूला जागा नको का, म्हणून तो तेवढ्यापुरता खाली गेला. यात कुणाचं काय चुकलं सांग! शिवाय मी जाळी घालून सरदाराला काढल्यापासून थोरली माझ्यावर डूख धरून आहे. मी काचेसमोर गेलो की ती घाबरून स्वतःची पिल्लं गिळते. भाडेकरू समोर गेला की पिल्लांचा तांडा घेऊन पुढे येते आणि त्याला दाखवते. तुझी भावजय म्हणाली, तुम्ही कशाला समोर येता, उगीच जीव जातात, मागच्या जिन्याने जात जा. मला पटलं. मी मागच्या जिन्याने जायला लागलो. जेवण वर येऊ लागलं, तेही वेळेवर आणि गरम, म्हणून तक्रारीला जागा उरली नाही.

एकदा चिमी जिन्यात येऊन म्हणाली, काका, बाबांनी पाण्याची बाटली खाली मागितली आहे. मी म्हटलं, अगं वेडे, बाबा मी. ती हसली. थट्टेने नव्हे ताई, मोठ्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून मुलं हसतात, तशी. म्हणाली, तुम्ही वरचे. आणि बाटली घेऊन गेली. संध्याकाळी ती खाली धडा मोठ्याने वाचते, ते मला फरशीतून ऐकू येतं. ती जिथे अडखळते तिथे मी शब्द सांगायला तोंड उघडतो, आणि खालून तो शब्द सांगितला जातो, माझ्याच आवाजात.

मी काय हातावर हात ठेवून बसलो नाही. तडक दुकानात गेलो. तो माझा पांढरा कोट घालून, बॅटरी हातात धरून काम करत होता. बाकावर आपले जुने शिक्षक बसले होते. त्यांचा पहिला चष्माही मीच केला होता. त्यांना म्हटलं, गुरुजी, बघा हा काय प्रकार! त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, घाई असली तरी रांगेत बसावं. बसलो. (गुरुजींचं ऐकायची सवय.) माझी पाळी आली. त्याने डोळे तपासले, आणि खरं सांगायचं तर हात हलका आहे, मी तपासतो त्याहून बरा. मग हळूच म्हणाला, तुमचा नंबर बदलला आहे. नवा चष्मा दिला. तेव्हापासून मला जवळचं दिसतं, लांबचं नाही. आरशात बघतो तर चेहरा आहे, पण त्याचं वर्णन कर म्हणालीस तर मी अडचणीत येईन.

तू म्हणशील, धाकट्याला माशांत माणसं आणि माणसांत मासे दिसायला लागले. मीही स्वतःला तेच सांगतो. पण ताई, मला भीती वाटते. चेष्टा बाजूला ठेवून सांगतो, खूप भीती वाटते. मला माझं घर हवं आहे, माझी चिमी हवी आहे, तुझ्या भावजयीचं ते 'बरं बाई' हवं आहे. सरदार इथे माझ्याशेजारी लहान टाकीत आहे. त्याच्या पोटाखालच्या परांना काळी कड येऊ लागली आहे, असं मला वाटतं, पण या चष्म्याने खात्री देववत नाही.

बाकी सर्व ठीक. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला पट्टी बांध.

तुझा
धाकटा

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. ताई, तू ये. मला पाळण्यात झोके दिलेस, शाळेत पोचवलंस, गोवर आला तेव्हा उशाशी बसलीस. तू समोर उभी राहा, आम्हा दोघांना शेजारी उभं कर आणि सांग यातला तुझा कोणता. जात ओळखू नकोस, नरमादी ओळखू नकोस, फक्त भाऊ ओळख. बाकीचे सगळे चुकले तरी तू चुकणार नाहीस, या एकाच गोष्टीवर मी इथे दिवस काढतो आहे.

आणखी एक. मांजर वर येऊन सरदाराला खाऊ नये म्हणून दोन्ही जिन्यांची दारं हल्ली खालून लावतात, त्यामुळे पत्र पेटीत टाकायला चिमीबरोबर खाली पाठवतो आहे. डिंकही खालीच आहे, म्हणून पाकीट उघडं आहे. कुणीतरी चिकटवेलच.

ता. क. ताई, वरचं वाचून घाबरून जाऊ नकोस. आमच्याकडे माळ्यावर एक भाडेकरू ठेवला आहे, बिचारा मनाने हलला आहे, तो अशी पत्रं लिहितो. अक्षरही माझंच उचललं आहे. स्वभावाने गरीब, माशांचा नाद आहे, त्याचं जेवणखाण आम्ही वेळच्या वेळी बघतो. तरीपण तू येच. चिमी आत्याची वाट बघते आहे, आणि तुला भेटायची मलाही फार इच्छा आहे. स्टेशनवर न्यायला मी स्वतः येईन. फक्त निघण्याआधी तुझा एखादा फोटो पाठव, म्हणजे गर्दीत ओळखायला सोपं जाईल.

तुझा
धाकटा