कुलपातला सामना

दि. २ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

फोनवर मी चिडलो की तू ठेवून देतेस, म्हणून लिहितोय. पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील.

तुझ्या चिमणीचा अंतिम सामना फुकटच्या चॅनलवर दिसणार नाही. प्रक्षेपणाचे हक्क पैसेवाल्या चॅनलने घेतलेत. पोरगी देशाच्या हॉकी संघाचा गोल राखणार, आणि तिच्या आजीने ते बघायचं तर आधी नवा बॉक्स बसवा, वर्षाचं पॅकेज घ्या. जन्मभर मी लोकांचे टीव्ही दुरुस्त केले. खालून चित्र आलं म्हणेपर्यंत छपरावर अँटेना फिरवत उभा राहिलो. आता चित्र डोक्यावरून जातंय आणि मला पकडता येत नाही. नुसती चीड येते.

आईने मात्र तयारी केलीय. चष्मा दुरुस्त करून घेतला, खुर्ची टीव्हीसमोर ओढून ठेवली. तिला काय सांगू?

तुझा,
दादा

दि. ७ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

पत्रातूनही तुझा आवाज ऐकू आला. शेजारणीलाही आला असेल.

दादा, नाक मुठीत धर आणि पॅकेज घे. बॉक्स नको असेल तर मोबाइलवरचं घे, टीव्हीला जोड. चिमणी म्हणते, पूर्वी संघातल्या मुली फाटके पॅड शिवून खेळायच्या, आता चॅनलच्या पैशातून नवे मिळतात, संघाबरोबर डॉक्टर असतो. मामाला हेही सांग म्हणाली. सांगितलं. आता माझ्यावर ओरडू नकोस.

मी मैदानावर असेन. आईला जप.

तुझा लोभ आहेच, तो पॅकेज न घेता मिळत राहो.

तुझी,
धाकटी

दि. १८ मार्च

चि. धाकटीस, आशीर्वाद.

फोनवर तुला अर्धवटच सांगितलं. सगळं लिहितो.

मोबाइलवरचं पॅकेज घेतलं, टीव्हीला जोडलं. सामन्याच्या दिवशी राष्ट्रगीत दिसलं, चिमणी हेल्मेट चढवताना दिसली, आणि चित्र थिजलं. मग पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. कंपनीला फोन केला तर एक बाई गोड आवाजात म्हणाली, एकाच वेळी फार लोक बघताहेत. म्हटलं, सामना एकाच वेळी असतो, बाई. तिने आभार मानले.

फुकटच्या चॅनलवर दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग होतं. म्हणून आईला सांगितलं, पावसामुळे सामना उद्यावर गेला. तुझा फोन आला, हरल्याचं कळलं, तरी मी तोंड शिवून बसलो. शेजाऱ्यांनाही गप्प केलं. आई त्या रात्री शांत झोपली.

दुसऱ्या दिवशी तिच्याशेजारी बसलो. पेनल्टी शूटआउट सुरू झालं. शेवटचा चेंडू चिमणीच्या पायांमधून जाणार हे मला ठाऊक, आणि आई हात जोडून म्हणतेय, अडव गं बाळा. दोनदा वाटलं, उठून मेन स्विच पाडावा. नाही पाडला.

गोल झाला. आईने चष्मा काढून डोळे पुसले. मग चिमणीशी बोलायला फोन मागितला. तेव्हा मला खरं सांगावं लागलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, लेकरू काल रडलं आणि मी आज रडतेय.

ते पॅकेज मी बंद करून टाकलंय.

तुझा,
दादा

दि. २४ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

स्वतःला इतका दोष देऊ नकोस. आईला कळू न देण्याला त्या रात्री फोनवर मीही होकार दिला होता.

पण एक गोष्ट लपवत नाही. हरल्यावर चिमणी खोलीचं दार लावून बसली. मलाही आत घेतलं नाही, नाहीतर आजीला अजून कळलंच नाही हे तरी सांगितलं असतं. जिंको नाहीतर हरो, आजीचा फोन सर्वांत आधी येतो म्हणून मोबाइल हातात धरून बसली होती. रात्रभर आला नाही. तिला वाटलं, आपण इतकं वाईट खेळलो की आजीलाही बोलावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. दोघीही बराच वेळ नुसत्या रडत होत्या. मग आईने विचारलं, जेवलीस का. त्यावर चिमणी उठली आणि ताट वाढून घेतलं.

मामावर तिचा राग नाही. कंपनीवर आहे. त्या बाबतीत अगदी तुझ्यावर गेलीय.

आईला नमस्कार. माया अशीच राहू दे.

तुझी,
धाकटी