मॉरिसचा टॅक्स

जुबैल,
२८ जानेवारी १९९१

प्रिय अब्बा,

अस्सलामु अलैकुम. मी इथे ठीक आहे. अम्मीचे गुडघे आता कसे आहेत? तेल लावून घेते की नुसतीच हो म्हणते?

तुमचं पत्र मिळालं. आधी हसलो, मग कपाळावर हात मारला. गाडी वर्षभर बंद ठेवणार, टॅक्स माफ करा, असा अर्ज द्यायला तुम्ही आरटीओत गेलात, आणि गेलात कशानं? तर त्याच मॉरिस गाडीनं! वर तिला पॉलिश करून! इन्स्पेक्टरनं दंड लावला त्यात त्याची काय चूक? माझ्या खोलीतल्या चिपळूणच्या पंकजला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "रफीक, तुझे अब्बा म्हणजे कमाल आहेत!"

तुमचा राग मात्र खरा आहे. जुम्म्याला मशिदीपर्यंत जाणाऱ्या म्हाताऱ्या गाडीला रोज धावणाऱ्या गाडीइतकाच टॅक्स. आरटीओवाल्यांना वाटतं, जुनी गाडी ठेवणारा म्हणजे कुणी नवाबच. निवृत्त मास्तर स्वतः चाकाखाली झोपून ग्रीस भरतो, हे त्यांना कोण सांगणार?

पण म्हणून तिला भंगारवाल्याला द्यायची? "मार्चच्या आत येऊन तूच काय ते ठरव, नाहीतर देऊन टाकतो," असं लिहिलंत. मला घरी आणायचा हा तुमचा डाव आहे, एवढं कळतं मला.

अब्बा, मला येता येत नाही. पासपोर्ट माझ्या इथल्या मालकाच्या, कफीलच्या तिजोरीत आहे. लढाई सुरू झाली तसा तो बायकामुलांना घेऊन जेद्दाला गेला. ऑफिसला कुलूप आहे, फोन कुणी उचलत नाही. पंकजचा कफील वेगळा, त्यानं पासपोर्ट हातात दिला. पंकज उद्या निघतोय, हे पत्र त्याच्याच हाती देतोय. बॅग भरताना तो माझ्याकडे बघायचं टाळतोय.

विषारी गॅससाठी मास्क मिळाला असं मागे लिहिलं होतं. तो साहेबलोकांना मिळाला. आम्हाला सांगितलंय, भोंगा वाजला की ओला टॉवेल तोंडावर धरा. काल दुपारी भोंगा झाला तेव्हा मी वर्कशॉपमध्ये एका ट्रकखाली होतो. बाहेर यायचं सुचेना. तिथेच टॉवेल तोंडाशी धरून पडलो. कलमा म्हणायला गेलो तर अर्ध्यावरच अडकलो. मिसाईल लांब पडलं म्हणतात.

एवढं कराल का? दंड भरा, टॅक्स भरा, पैसे मी पाठवलेत त्यातूनच भरा. भंगारवाल्याला सांगा, मुलगा यायचाय. मी आलो तर रत्नागिरीच्या स्टँडवर मॉरिस घेऊनच या. नाही आलो तर मग खुशाल देऊन टाका, तेव्हा मी अडवणार नाही. पण तोवर नको, अब्बा.

अम्मीला पत्र वाचून दाखवाल तेव्हा वरच्या टॅक्सच्या गोष्टीपर्यंतच वाचा, पुढचं नको.

फार घाबरलेला, तुमचा मुलगा
रफीक