कुंपणातले बेडे आणि बटर

मी, दत्ताराम बाबाजी मेतर, पूर्वीचा धंदा मासेमारी, हल्लीचा धंदा पायरीवर बसणे, राहणार मसुरे, तालुका मालवण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणी मागे न लागता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. शेजारणीच्या कुत्र्यापुरते ते ठिकाणावर नाही, पण तसे मी त्यांना विचारले नव्हते. कचेरीला समजावे म्हणून शुद्ध मराठीत लिहितो.

कलम १. राहते घर, विहीर आणि माडांची जागा मुलगा सुदेश व सून दिव्या यांना समान मिळावी. विहिरीजवळचा माड वाकडा आहे म्हणून सुदेशने तो तोडू नये. वाकडा मीही होतो, मला कोणी तोडले नाही.

कलम २. माझे फेकायचे जाळे चुलतभाऊ बाबली याला द्यावे. ते त्याने उसने नेले तेव्हापासून त्याच्याकडेच आहे, तरी दिले असे समजावे.

कलम ३. माझ्या आणि सावित्री परब हिच्या आवारामधल्या कुंपणात बांबू सरकवून उघडायचे बेडे आहे. माझ्या मागे सुदेशने तिथे चिरे लावून ते कायमचे बंद करावे. सावित्री आमच्या विहिरीवर त्याच वाटेने येते. तिने पाण्याची दुसरी सोय बघावी.

कारण लिहिणे भाग आहे. नवरा गेल्यावर सावित्री आंबोलीचे चहाचे दुकान मोडून इथे माहेरी आली, ती बटर नावाचा तांबडा कुत्रा बरोबर घेऊनच. माझी बायको आनंदी त्याला आमच्या पायरीवर खाऊ घालायची. मग आनंदी गेली. बटर अजून रोज संध्याकाळी बेड्यातून येतो आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसतो. या घरात तिची वाट बघणारे आता आम्ही दोघेच, म्हणून त्याने माझ्याजवळ येऊन बसावे असे मला फार वाटते. पण तो येत नाही.

मी त्याच्याकडे पाठ करून बसून पाहिले. विडी सोडली. देवळात गाऱ्हाणे घालायला गेलो, तेव्हा गुरव म्हणाला, "दत्तारामानू, देवीक कुत्र्याचा काय सांगतास?" तरी घातले. बटर सरकत सरकत पायरीपर्यंत येतो. मी आनंदाने सुनेला हाक मारतो, "दिव्या, बांगड्याची तकली हाड गो." माशाचे डोके घेऊन ती बाहेर येईपर्यंत बटर बेड्यापार. दर वेळी हेच.

सावित्रीनेच त्याला माझ्याविरुद्ध शिकवले आहे अशी माझी खात्री झाली. विचारले तर म्हणाली, "दादानू, कुत्र्याक शिकवक माका खंय येळ आसा?" हे उत्तर मला उडवाउडवीचे वाटले. सबब बेडे बंद.

कलम ३ पुढे चालू. वरचा मजकूर लिहून घसा कोरडा पडला. बटर पायरीशी आला होता. तोंडात शुद्ध मराठी बसलेली, त्यामुळे मी म्हटले, "दिव्या, पाण्याचा तांब्या आण."

ती हसतच आली. "बाबानू, कचेरीत बसलास काय?"

बटर जागचा हलला नाही. मला काही उमजेना. म्हणून म्हटले, "बरां, आता तकली हाड." बटर कुंपणापलीकडे.

मी लेखणी टाकली आणि बेड्यावर जाऊन सावित्रीला हाक मारली. तिने ऐकून घेतले, मग म्हणाली, "आंबोलेक एस.टी. थांबली काय घाटावरचे पॅसेंजर तेका हाड हाड करीत. एकान कडत चाय ओतल्यान तेच्या अंगार. आनंदीवयनी तेका 'यो रे बाबा' म्हणत."

आमच्या बोलीत हाड म्हणजे आण. घाटावर हाड म्हणजे चालता हो. मला दोन्ही ठाऊक होते, पण दोन्ही एका वेळी कधी आठवले नाहीत. मी त्याला जेवायला बोलवत होतो की हाकलत होतो, हे आता माझे मलाच सांगता येत नाही.

सबब कलम ३ रद्द. बेडे उघडे राहावे. सुदेशने चिरे न्हाणीला वापरावेत. सावित्रीचा विहिरीवरचा आणि बटरचा पायरीवरचा हक्क ते असेपर्यंत चालू ठेवावा. कुत्र्याला हक्क देता येतो का ते वकिलाला विचारावे. नाही म्हणाला तरी द्यावा.

कलम ४. या घरात यापुढे काही मागवायचे असेल तर 'आण' म्हणावे. आज मी म्हटले. बटरने माझ्या हातातली तकली खाल्ली, माझ्या पायाला टेकून बसला आणि पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघू लागला. मीही बघितले. संसारभर मी या पायरीवरून त्या दाराकडे एकच शब्द ओरडत आलो. पाणी हाड, विडी हाड, जेवण हाड. आनंदी ऐकून आणत राहिली, कुत्रा ऐकून पळत राहिला. आवाज दोघांनी एकच ऐकला. त्यातल्या कोणाला तो बरोबर कळला होता, याचा उलगडा मला झालेला नाही. ती असती तर विचारले असते.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. खाडाखोड माझीच आहे, ती तशीच ठेवावी.

सही: दत्ताराम बाबाजी मेतर

साक्षीदार:
जमाल होडेकर
रविराज भोगले

ठिकाण: मसुरे, घराची पायरी
तारीख: ५ डिसेंबर २००४