सासऱ्यांनी पाहिलेला व्हिडिओ

४ ऑगस्ट

पुन्हा रडली. मी पण. तोंड लावते, दोनदा चोखते, सोडते आणि किंचाळते. मला तर चिमट्यात धरल्यासारखं दुखतं. सासूबाई दारातून – "अगं, ह्यात काय शिकायचं असतं? आपोआप जमतं." आपोआप! मी सोडून सगळ्या जगाला.

५ ऑगस्ट

लेकीचं वजन घटलंय. पहिल्या दिवसांत थोडं घटतंच म्हणे, पण हिचं जास्त. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शुक्रवारी पुन्हा आणा. वाढलं नाही तर वरचं दूध सुरू करू."

नर्सने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. अंगावर कसं पाजायचं, त्याचा. "मोठ्या पडद्यावर बघा, पकड नीट दिसते. आणि शांतपणे बघा हं."

शांतपणे! आमच्या घरात! जिथे पुढच्या खोलीत सासऱ्यांचं ड्रायव्हिंग स्कूल भरतं!

६ ऑगस्ट

मेले मी. जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

नवऱ्याने मोठ्या हौसेने फोनवरून व्हिडिओ आमच्या खोलीतल्या टीव्हीवर लावायला घेतला. पडद्यावर काहीच दिसेना. आवाज मात्र खणखणीत येत होता – पुढच्या खोलीतून.

तिथे बाबांचा वर्ग चालू होता. रस्त्यावरच्या खुणा. एक शिंपी, दोन कॉलेजची मुलं आणि एक निवृत्त गुरुजी. तिथल्या टीव्हीवरची 'पुढे वळण आहे'ची खूण गेली आणि व्हिडिओतली बाई प्रेमळ आवाजात म्हणाली, "आधी स्तनाग्र बाळाच्या नाकासमोर आणा."

नवरा घाबरून दिसेल ते बटण दाबत सुटला. आवाज आणखी वाढला. पुढच्या खोलीत एकही माणूस हलला नाही. उठायचं तर टीव्हीसमोरून जावं लागतं ना!

मग गुरुजींचा आवाज – "सर, हे परीक्षेला आहे का?"

बाबा खाकरले – "बसा. खुणा नंतर घेऊ."

व्हिडिओ शेवटपर्यंत चालला.

७ ऑगस्ट

बाबांनी तो व्हिडिओ नीट लक्ष देऊन पाहिलाय. माझं काय चुकतंय ते त्यांना कळलंय. पण सुनेला सांगणार कसं? म्हणून ते सासूबाईंना सांगतात, सासूबाई दारात येऊन माझ्या नवऱ्याला आणि तो मला.

बाबांनी सांगितलं होतं – बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलं पाहिजे.

माझ्यापर्यंत आलं – "बाबा विचारतायत, पोट कसं आहे?"

मी म्हटलं, बरं आहे. हे उत्तर उलट मार्गाने परत गेलं. बाहेर कुणीतरी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

लेक उपाशी. उद्याचाच दिवस हातात आहे.

८ ऑगस्ट

शेवटी बाबांचा धीर सुटला. खुर्ची उचलून आमच्या दाराबाहेर आणली, भिंतीकडे तोंड करून बसले. मध्ये पडदा. वर्गात ते सगळ्यांना अहो-जाहो करतात, म्हणून आज मलाही!

"पाठ टेकलीत? खांदे सैल सोडा. मागे कुणी हॉर्न वाजवत नाहीये."

लेक टाहो फोडत होती.

"वाजवू दे. नुसती मान वळवायची नाही, अख्खी गाडी वळवायची. पोटाला पोट."

वळवली.

"तुम्ही वाकू नका! फाटक गाडीकडे येत नसतं. गाडी फाटकाकडे न्यायची. तोंड मोठं उघडू दे... थांबा... आता!"

"बाबा, दुखतंय!"

"मग ओढू नका! ओठाच्या कोपऱ्यातून बोट सरकवा, पकड सुटू दे. क्लच न दाबता गियर टाकतो का आपण?"

पुन्हा. पुन्हा. घामाने मी ओलीचिंब. आणि मग – दुखलं नाही. गुटुक. थांबली. गुटुक. तिची मूठ हळूहळू उघडली.

बाहेरून घाबरा आवाज – "बंद पडली का?"

"नाही बाबा. चालू आहे."

बाबांनी जोरात नाक शिंकरलं. आणि पुढच्या खोलीतून टाळ्या! शिंपी, मुलं, गुरुजी – सगळे कान देऊन बसले होते! मला लाज वाटायला हवी होती. मी हसत होते. आणि ती पीत होती.

९ ऑगस्ट

वाढलं! थोडंच, पण वाढलं!

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "छान पकड आहे. कुणी शिकवलं?" नवरा म्हणाला, "ड्रायव्हिंग स्कूलमध्ये." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

घरी मात्र सासूबाई फुगलेल्या. "चारचौघांत घराची शोभा झाली," म्हणाल्या आणि जाऊन आडव्या झाल्या.

१२ ऑगस्ट

गुरुजी गाडीच्या परीक्षेत नापास. गाडी सरळ फाटकावर घातली.

सासूबाई अजून बोलत नाहीत. चहाचा कप समोर ठेवला तर तोंड फिरवून निघून गेल्या. इतकं काय केलं मी? आज मला फार एकटं वाटलं.

१४ ऑगस्ट

दुपारी सासूबाई आत आल्या, दाराला कडी लावली. म्हटलं, आता काही खरं नाही.

"तो व्हिडिओ माझ्या फोनवर टाक," म्हणाल्या.

"तुमच्या?"

"सकाळी तुझ्याच डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. चव्वेचाळिसाव्या वर्षी, बाई!" हसायला लागल्या आणि हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडल्या. मग हळूच – "ह्यांना अजून माहीत नाही. तू सांगशील?"